मंजूचे शिंपले, आप्पांचा हात

फोन आला तेव्हा मी शिक्रापूरला लेकीकडे होते. तिची खोली हायवेला लागून आहे, ट्रकांचा आवाज असा की घरातल्या घरातही ओरडून बोलावं लागतं. आमच्या ह्यांचा नंबर दिसला म्हणून मी मोबाइल घेऊन न्हाणीघरात शिरले, दार लावून घेतलं, तरी पहिल्यांदा मला नुसता त्यांचा श्वासच ऐकू आला. मग ते म्हणाले, "मंजू गेली. दौंडातनं येताना गाडीतच गेली. तू ये." मी विचारलं, बरोबर कोण होतं, गाडी कुठे आहे, कुणाकुणाला कळवलंय... एकामागून एक प्रश्न विचारत राहिले, कारण जन्मभर शाळेत शिकवून मला एवढंच जमतं. लेकीने पिशवी भरली, जावयाने गाडी काढली आणि आम्ही वरवंडला निघालो. वाटेत मी एकदाही रडले नाही, घराच्या पायरीवर तिच्या चपला दिसल्या तेव्हा मात्र रडले.

मंजू म्हणजे माझी नणंद. कागदोपत्री डॉक्टर मंजुळा, शिरूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिची दोन्ही मूत्रपिंडं काही वर्षांपासून दगा देत होती, आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिसला जावं लागायचं. त्या दिवशीही तिथूनच परतत होती. पाटसच्या पुढे तिने ड्रायव्हरला काच खाली करायला सांगितली, सीटवर मान टेकली, आणि संपलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारेही थांबलेत. तिच्याविषयी लिहायला बसले आहे ते रडगाणं गायला नव्हे, कारण मंजूला रडगाणं खपायचं नाही, आणि दुसरं म्हणजे तिची गोष्ट मुळात आनंदाची आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती नववीत होती. आमच्या सासऱ्यांच्या वडलांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. पुढे घराला जमीन झाली, ऊस आला, कांदा आला, पण थोडी मेंढरं अजून दावणीला होती. एके दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन त्यांना लस टोचून गेले. मी नवी नवरी, त्यातून डी.एड. झालेली, म्हणजे घरातली सर्वांत शिकलेली बाई. मंजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, लस तर आत्ता आत्ता निघाली. त्याच्या आधी मेंढरं काय करत व्हती? समदीच कशी न्हाई मेली?" मी परातीतलं पीठ मळत होते. मी म्हटलं, अंगात ताकद असते गं जनावराच्या. तर म्हणे, "ताकद म्हंजी काय? ती कुठं असती?" मला उत्तर येत नव्हतं आणि शिक्षिकेला उत्तर येत नाही हे नणंदेपुढे कबूल करणं त्या वयात जड होतं, म्हणून मी तिला पाणी आणायला पिटाळलं. ती पाणी घेऊन आली आणि पुन्हा तोच प्रश्न घेऊन उभी राहिली. तिचा स्वभाव तो असा. घोरपडीसारखी चिकटायची.

शिकली ती पोटभर. दौंडला बी.एस्सी., पुण्याला एम.एस्सी., मग शिरूरला नोकरी. मधल्या काळात स्थळं येत होती. पाहुणे विचारायचे, मुलगी काय शिकते, आणि मंजू खरोखर सांगायला बसायची. एका स्थळाला तिने जंतू अंगात शिरल्यावर पेशी काय काय करतात हे चहा थंड होईपर्यंत सांगितलं. मुलाच्या मामांनी निघताना आमच्या ह्यांना बाजूला घेऊन विचारलं की मुलीला काही आजार आहे का. पाहुण्यांना वाटेला लावून ह्यांनी ते सांगितलं तेव्हा मी आणि मंजू हसून हसून लोळलो. लग्न तिने केलं नाही. तिला कोणी केलं नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं मी वेळच्या वेळी बंद केली आहेत. माझं तोंड त्या कामी बरं पडतं.

चाळिशी ओलांडल्यावर तिने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय ऐकून गावात चर्चा झाली, कारण विषय होता समुद्रातले शिंपले. आमच्या भागात पाणी म्हणजे भीमेचं, नाहीतर कॅनॉलचं. मी म्हटलं, अगं, मेंढरांवर कर, शेळ्यांवर कर, घरातला माल आहे. तेव्हा तिने मला समजावून सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. शिंपल्याला लस देऊन फारसा उपयोग नाही, म्हणाली. आपल्या रक्तात जुन्या रोगाची ओळख ठेवणाऱ्या पेशी असतात, तशा त्याच्याकडे नाहीत. जन्माला येताना जी प्रतिकारशक्ती बरोबर आणली तीच त्याची. आणि समुद्राचं पाणी म्हणजे जंतूंचं आगर, ते पाणी हा प्राणी दिवसभर अंगातून गाळत बसतो, तरी जगतो. जंतूला मारणारी रसायनं कशी बनवायची हे त्याच्या जनुकांमध्ये असतंच. पण ती रसायनं सदासर्वकाळ बनवत बसला तर त्याची शक्ती संपेल आणि त्याचंच अंग भाजून निघेल. म्हणून ती जनुकं एरवी मिटलेली असतात. जंतू आला की उघडतात, गेला की मिटतात. "उघडतं कोण हे बऱ्यापैकी कळलंय, वहिनी," ती म्हणाली. "पण आता बास, मिटा, असं कोण सांगतं? मला ते बघायचंय." पीठ मळताना विचारलेला तो प्रश्नच वयात येऊन माझ्यासमोर बसला होता.

शिंपल्यांच्या टाक्या आमच्या घरी आल्या त्या कॉलेजच्या विजेमुळे. कॉलेजात तिला एक खोली मिळाली होती, पण सुट्टीच्या दिवशी शिपाई मेन स्विच बंद करून जायचा आणि हवेचा पंप थांबला की शिंपल्यांची कथा संपली. शेवटी तिने ह्यांना विचारलं. आमच्या ह्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मंजूही आप्पाच म्हणायची, वयात अंतर होतं ना. आप्पांनी एका दिवसात खालची कोठी रिकामी केली. कांद्याचं बी, फवारणीचा पंप, औषधाचे डबे, सगळं गोठ्याच्या मागे गेलं. इन्व्हर्टर आला. काचेच्या दोन मोठ्या टाक्या आल्या, पोत्यातून समुद्री मीठ आलं, ते विरघळवून घरातच खारं पाणी तयार व्हायला लागलं. खिडकीत बाटल्यांमधून हिरवं शेवाळ वाढायला लागलं, तो शिंपल्यांचा खाऊ. आणि मग कोकणातून ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, हिरव्या कडांचे ते शिंपले आले. घराला मासळीबाजाराचा वास यायला लागला तेव्हा मी बरीच कटकट केली, ती इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर कोणी मला थोर म्हणायला नको.

दोन टाक्यांपैकी एकीतल्या शिंपल्यांना ती ठरावीक जंतू द्यायची. माणसाला त्यांचा त्रास नव्हता, पण शिंपल्यांना होता. दुसऱ्या टाकीला काहीच द्यायचं नाही, ती तुलनेसाठी. घरात नावं पडली जंतूची टाकी आणि साधी टाकी. जंतूच्या टाकीत कोणी हात घालायचा नाही, अशी तिने सगळ्यांना ताकीद दिली होती. काही काळाने दोन्हीकडच्या शिंपल्यांच्या कल्ल्याचा तुकडा काढून, बर्फाहून थंड डब्यात घालून तो पुण्याला जायचा. तिथल्या प्रयोगशाळेत कोणती जनुकं उघडी आहेत आणि कोणती मिटलेली, हे बघायचे. तिचं डायलिसिस याच सुमारास सुरू झालं. दौंडहून आली की चेहरा राखेसारखा व्हायचा, पण हात धुऊन आधी कोठीत जायची. तिला किती वेळ मिळणार आहे हे तिला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. घाई मात्र तिच्या चालण्यात दिसायची. प्रश्नाचं उत्तर हातात आल्याशिवाय तिला जायचं नव्हतं, हे ती मला एकदा भाजी निवडताना सरळ बोललीही होती, आणि मी तिला गप्प बस म्हटलं होतं.

आणि मग निकाल आले ते सगळे फसलेले. जंतूच्या टाकीत जनुकं उघडी होती हे ठीक. पण साध्या टाकीतही उघडी! ज्या शिंपल्यांना कुणी काही केलं नाही ते जणू हल्ला झाल्यासारखे तयारीत बसलेले. तुलनाच मोडली. पुण्याच्या तिच्या सरांनी फोनवर सांगितलं की साधी टाकी साधी राहिलेली नाही, हे सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून करा. पहिल्यापासून म्हणजे आणखी किती वर्षं, हे त्यांनी नाही सांगितलं आणि तिने नाही विचारलं. फोन ठेवून ती कोठीत जाऊन पाटावर बसली. मी चहा नेला तर म्हणाली, "वहिनी, माझ्यात पुन्हा करायची ताकद न्हाई." मंजूच्या तोंडून मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मला इतका राग आला, शिंपल्यांचा, सरांचा, तिच्या त्या मूत्रपिंडांचा...

पण बसून राहील तर ती मंजू कसली. दुसऱ्या दिवसापासून तिने चोर शोधायला सुरुवात केली. पाणी तपासलं, मीठ तपासलं, पंप बदलला. आमच्याही गावावरून जाणाऱ्या हायवेच्या ट्रकांनी जमीन हादरते का हे बघायला फरशीवर पाण्याचं ताट ठेवून त्याकडे टक लावून बसली. मग माझ्यावर आली. मी फरशी फिनेलने पुसते का, असं विचारलं. मी त्या खोलीच्या दारापासूनही फिनेलची बाटली लांब ठेवत होते, त्यामुळे त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते शेजारच्यांनीही ऐकलं. आप्पा मधे पडले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आप्पांनी घास मोडला आणि तो हातातच धरून बसले.

"मंजे," ते म्हणाले, "पाव्हणं आल्यावर दावाया लागतं की."

"काय दावाया लागतं?"

"शिंपलं. लोकं लांबनं येत्यात बघाया. नुसतं काचंतनं काय दिसतंय? म्हून येखादं काढून हातावर ठेवायचं."

मंजूने ताट बाजूला सारलं. "कुठल्या टाकीतलं?"

"साध्या. तू म्हनली व्हतीस ना, जंतूच्या टाकीत हात न्हाई घालायचा. म्या कवा घातला न्हाई."

"किती वेळ बाहेर धरायचा?"

आप्पांनी जरा विचार केला. खोटं बोलणं त्यांना येत नाही. "पाव्हणा 'बघितलं, बास' म्हनस्तोवर," ते म्हणाले.

बाहेरच्या कुणाला हे पटकन कळायचं नाही. आमच्याकडे पाहुणा आला आणि घरातली नवी वस्तू हातात न घेता तसाच गेला, तर तो अपमान समजतात. नवा ट्रॅक्टर असेल तर त्यावर बसवतात, नवं वासरू असेल तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लावतात. वरवंडमध्ये समुद्र आलाय हे पंचक्रोशीत पसरलं होतं. सोसायटीचे चेअरमन येऊन गेले, लेकीची सासरची माणसं आली, पाटसचे मामा तर दोनदा आले, आणि प्रत्येकाला आप्पांनी मोठ्या मायेने एकेक शिंपला ओढून दाखवला. हे शिंपले बारीक धाग्यांनी दगडाला चिकटून बसतात. उचलला की ते धागे तुटतात. आप्पा तो परत जागच्या जागी अलगद ठेवायचे, म्हणजे कुणाला काही कळायला नको. आज्ञाधारक माणूस, त्यामुळे सगळा उपद्व्याप नेमका त्याच टाकीत झाला जिला कुणी धक्का लावायचा नव्हता.

मंजू तशीच उठली. पुढचे काही दिवस तिने एवढंच केलं. सकाळी चौफुल्याला जाऊन शिरूरची एसटी धरायची, संध्याकाळी येऊन खोलीत जायची. आप्पांचं जेवण तुटलं. आणि एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून गोठ्यात गेली. आप्पा गवत टाकत होते. मी दारातून ऐकलं. ती म्हणाली, "आप्पा, परत उचला. पण आता मी सांगन तसं, सांगन तवा."

तिच्या डोक्यात काय आलं होतं ते तिने रात्रीच्या जेवणाला सांगितलं, आणि त्या जेवणाला आप्पांनी कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं. ती म्हणाली, मी जंतू दिलेच नाहीत, तरी जनुकं उघडली. म्हणजे शिंपला नुसत्या हाताच्या धक्क्यानेही सावध होतो. ही चूक नाही, हे एक उत्तर आहे, फक्त मी विचारलेल्या प्रश्नाचं नाही. मग आता हाच प्रश्न नीट विचारू. काही शिंपल्यांना हात लावायचाच नाही. काहींना एकदाच उचलायचं. काहींना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा उचलायचं. आणि बघायचं की उघडलेली जनुकं कधी मिटतात. उचलणारा हात एकच पाहिजे, कारण प्रत्येकाची पकड वेगळी, ऊब वेगळी. तो हात आप्पांचा.

त्यानंतरचं वर्ष या घरातलं सर्वांत चांगलं वर्ष होतं, हे मी शपथेवर सांगेन. वार ठरला गुरुवार. पाहुण्यांना सांगून ठेवलं की शिंपला बघायचा तर गुरुवारी या, आणि लोक खरंच गुरुवारी यायला लागले. मंजू हातात घड्याळ घेऊन उभी, आप्पा बाह्या सरसावून टाकीपाशी, आणि पाहुणे भिंतीला पाठ लावून चिडीचूप. चेअरमनसाहेबांनी एकदा मधेच शंका विचारली तर आप्पांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. एरवी त्याच चेअरमनपुढे ते खुर्चीवर बसत नाहीत. दौंडहून थकून आली तरी गुरुवारी मंजू हसायची. आणि निकाल आले ते असे की तिच्या सरांनी स्वतः फोन केला. पहिल्यांदाच उचललेल्या शिंपल्यांची जनुकं धाडकन उघडत होती आणि मिटायला बराच वेळ घेत होती. पण दर गुरुवारी आप्पांच्या हातावर बसून आलेले शिंपले थोडेच उघडत होते आणि लवकर मिटत होते. "त्यास्नी पाव्हण्यांची सवय झाली," आप्पा म्हणाले. मंजू म्हणाली की शास्त्राच्या भाषेत तिला हे लिहायला दहा पानं लागतील, पण अर्थ तोच.

तोंडी परीक्षेला आम्ही दोघं पुण्याला गेलो. मागच्या बाकावर बसलो. आप्पांनी नवा फेटा बांधला होता, मी नको म्हणत असताना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला बरंच उलटसुलट विचारलं, तिने सगळ्याची उत्तरं दिली, आणि मग त्यांनी विचारलं की प्राणी हाताळण्याचं काम कोणी केलं. मंजूने मागे वळून बोट दाखवलं. "माझ्या भावानं," ती म्हणाली. आप्पा उठून उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाला हात जोडून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मंजू डॉक्टर झाली, पण परत येताना गाडीत ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. तिला पुढचं सुचलं होतं. हाताची सवय झालेल्या शिंपल्यावर खरोखरचे जंतू सोडले तर? तो तेव्हाही तसाच निवांत राहील, की हा पाहुणा नव्हे हे ओळखून उठेल? निवांत राहिला तर सवय त्याच्या जिवावर उठेल. ओळखलं, तर त्याच्या त्या साध्या अंगात फरक करण्याचीही काही सोय आहे, आणि मिटण्याची आज्ञा कुठून येते ते शोधायला तिला दार सापडलं.

हे काम तिने सुरू केलं. सुरुवातीचे काही नमुने गेले, आणि त्यातून दिसलं ते चांगलं होतं, सवयीचे शिंपलेही जंतूंना उठून सामोरे जात होते. पण एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, असं ती बजावायची. पुन्हा पुन्हा बघायला हवं. तिच्याच विभागात पूनम नावाची तरुण प्राध्यापक आहे. मूळ बिहारकडची, वडील सणसवाडीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. मंजूने शेवटच्या महिन्यांत पूनमला सगळं शिकवलं. आपण राहिलो नाही तर हे तू पुरं कर, असं तिला सांगितलं, हे पूनमनेच मला नंतर सांगितलं.

मंजू गेल्यावर भेटायला माणसं यायची. बसायची, चहा घ्यायची, मग हळूच कोठीत डोकवायची. आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसून असायचे. एकालाही त्यांनी शिंपला दाखवला नाही. तेराव्यानंतर पूनमने टेम्पो आणला. आता कॉलेजने दिवसरात्र वीज राहील अशी खोली दिली होती. गोणपाटं भिजवून शिंपले त्यात गुंडाळले, टाक्या गेल्या, आणि कोठी रिकामी झाली. मी ती तीनदा धुतली तरी तो वास जाईना, आणि मग मी धुणं सोडून दिलं.

पंधरवड्याने पूनम पुन्हा आली. तिने आप्पांच्या पाया पडून सांगितलं, "आप्पा, मॅडमचा पूरा डेटा तुमच्या हाताचा आहे. मी उचलला तर शिंपल्याला तो नवा धक्का. मग जंतूने काय केलं आणि माझ्या हाताने काय केलं, कसं कळणार? तुम्ही गुरुवारी शिरूरला याल का? तुम्ही नाही आलात तर हे सगळं इथेच थांबेल." आप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. ती गेल्यावर मी चिडले. मी म्हटलं, अहो, तिचा जीव अडकला होता त्यात, आणि तुम्हाला बसने जायला काय होतंय. तेव्हा त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "या हातानं तिचं येक वरीस खाल्लं," ते म्हणाले. "ते वरीस असतं तर तिचं पुरं झालं असतं. पुन्यांदा ह्यो हात त्यात घालू व्हय?"

इतके आठवडे हा माणूस ते पोटात घेऊन बसला होता आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माझ्या तोंडाला गोड बोलायची सवय नाही, पण जे खरं होतं ते सांगितलं. मी म्हटलं, मी तिला या घरात नववीपासून बघितलंय. ते वर्ष गेलं म्हणता, पण त्यानंतरच्या गुरुवारांच्या वर्षात ती जेवढी हसली तेवढी आयुष्यात कधी हसली नव्हती. तुमचा हात मधे आला नसता तर तिला हा प्रश्न सुचलाच नसता. तिने तुम्हाला माफ केलं असं मी म्हणत नाही, माफ करण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतंच. तिला फक्त उत्तर पाहिजे होतं, आणि ते अजून यायचंय. आप्पा उठून मळ्याकडे गेले.

मागच्या बुधवारी संध्याकाळी मला त्यांची तंबाखूची डबी देवाच्या फळीवर दिसली. ती एरवी त्यांच्या बंडीच्या खिशातून बाहेर निघत नाही. शिंपला उचलायचा तर आदल्या संध्याकाळपासून तंबाखू मळायची नाही, असा मंजूचा दंडक होता. साबण लावायचा नाही, हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचे, टॉवेलला पुसायचे नाहीत आणि मग कशालाच लावायचे नाहीत. मी डबीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. सकाळी ते अंगणात नळाखाली हात धुऊन, ते वाऱ्यावर धरून उभे राहिले. मी म्हटलं, अहो, शिरूरला जाऊन धुवा की, एवढ्या लांब असे हात घेऊन कसे जाणार? तर म्हणाले, "तिनं घरनंच धुवाया सांगितलं व्हतं." मी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निघाले बरोबर. दार मी लावलं. वाटेत कोणी रामराम केला तर त्यांनी नुसती मान हलवली. चौफुल्याला बसमध्ये चढताना त्यांना दांडी धरता येईना, म्हणून मी मागून आधार दिला, आणि तिकीटही मीच काढलं. पारगावचा पूल गेला, न्हावरं गेलं. आप्पा खिडकीपाशी बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर पालथे नव्हे तर उताणे ठेवून, बोटं जराशी फाकून. कंडक्टर पोरगा परत जाताना थांबला. त्याने विचारलं, "आजोबा, हाताला काय लागलंय का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "बहिनीच्या कामाला निघालोय."